चौपेडी वेणी

भावजय भीमा हिचं वर्षश्राद्ध सोमवारी पार पडलं आणि मंगळवारी सकाळी गोजरबाईने तो प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. कानावर तर वर्षभर येतच होता. काष्टीचा बाजार करून श्रीगोंद्याला परतणाऱ्या बाया मुद्दाम तिच्या सासरच्या दारावरून जायच्या आणि सांगायच्या, बाई, तुमचा कानिफनाथ म्हणे पोरीची वेणी घालतो. गोजरबाई म्हणायची, लोकांना दुसरा धंदा नाही. आणि आता तिचा सख्खा धाकटा भाऊ, पस्तिशीचा मिशीवाला गडी, काष्टीत सगळ्या गल्लीदेखत ओट्यावर मांडी घालून बसला होता. पुढ्यात त्याची नऊ वर्षांची पोरगी, कडू, पाठमोरी. तिच्या केसांचे चार पेड करून तो एकाखालून एक घालत खाली सरकत होता, आणि दातांत दोरा धरलेला. बैलाच्या तोंडावर बांधायची म्होरकी वळताना तो असाच दातांत दोरा धरायचा.

तर ही वेणी आली होती म्होरकीतूनच. दोर वळावा तो या जगदाळ्यांच्या घराने, असं सारा तालुका म्हणायचा. बापाने, म्हाताऱ्या सहादेवबाबांनी, कानिफनाथाला चार पेडांची म्होरकी शिकवली होती. बैल झटे देऊन दमेल, पण ती सैल पडणार नाही. भीमा गेली, तेरावा झाला, आल्या-गेल्या बाया आपापल्या घरी निघून गेल्या आणि चौदाव्या दिवशी सकाळी कडू फणी घेऊन बापापुढे उभी राहिली. बिचाऱ्याला जी वेणी येत होती ती त्याने घातली. आदल्या आठवड्यात पोळा झालेला, सुतकामुळे बैलांच्या गोंड्यांची तांबडी-पिवळी लोकर तशीच उरलेली होती. तिचा गोंडा करून त्याने वेणीच्या शेवटाला बांधला, वर दोऱ्याचे तीन वेढे दिले. खिलाऱ्या बैलाला दर पोळ्याला बांधायचा त्याहून हा गोंडा चांगला झाला, याचा त्याला आनंदच वाटला होता.

वेणी झाली. कडू दप्तराची पिशवी घेऊन शाळेला गेली. गोजरबाई तरातरा चुलीपाशी आली आणि आक्काबाईच्या शेजारी पाट ओढून बसली.

ही गोष्ट साधी नव्हती. आक्काबाई ही भीमाची थोरली बहीण, नगरजवळच्या केडगावला दिलेली. भीमाच्या लग्नात तिच्या माहेरच्यांनी गोजरबाईला मानाचं लुगडं दिलं होतं ते आखूड निघालं, आणि तेव्हापासून पंधरा वर्षं या दोघींनी एकमेकींशी सरळ तोंडाने बोलणं केलं नव्हतं. मयताला आल्या तरी दोन कोपऱ्यांत बसून रडल्या. आज मात्र गोजरबाईने चुलीतलं लाकूड मागे सारलं आणि म्हणाली, "आक्काबाई, पोरगी तुमी घेऊन जा. आजच."

आक्काबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी परातीत पडली. हेच मागायला ती आली होती आणि तीन दिवस तिला तोंड उघडता येत नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा रंगनाथ पेरूची बाग करायचा, बायको म्हणेल ते ऐकायचा. महिनाभरापूर्वीच तिने खिडकीशेजारी, कडूच्या उंचीला येईल असा, एक आरसा टांगून घेतला होता. रंगनाथाने विचारलं, एवढ्या खाली कशाला गं? ती म्हणाली, असू दे. त्याला कळलं आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.

गोजरबाईला भावाचं दुसरं लग्न करायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या सासरकडची एक मुलगी तिने हेरूनही ठेवली होती. पण नुसतं तेवढंच होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. कडूवर तिचा जीव होता. भीमाची आधीची दोन मुलं जगली नाहीत, तेव्हा तिसरीचं नाव कडू ठेवा, म्हणजे यमाच्या तोंडाला लागणार नाही, असं सांगणारी गोजरबाईच. आणि त्या पोरीच्या पाठीवर बैलाचा गोंडा लोंबलेला तिला सोसला नव्हता.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघींनी मिळून कानिफनाथाला धरलं. सहादेवबाबा भिंतीला टेकून दोरासाठी घायपाताचा वाक सोलत होते. रंगनाथ दारात बसला होता. गोजरबाईने सगळं नीट मांडलं. पोरगी वाढीला लागली आहे, घरात बाईमाणूस नाही, भाकरी शेजारची बाई थापून देते ते किती दिवस चालणार? केडगावला मावशी आहे, नगरची शाळा जवळ आहे. कानिफनाथ ऐकून घेत होता. पोरीला काय कमी आहे ते सांगा, एवढंच तो परत परत म्हणत होता. न्हाऊ घालतो, फणीने उवा काढतो, शाळेला धाडतो. गावात कुणाची पोर दुसरीच्या पुढं गेली आहे?

"आन् ती वेनी?" गोजरबाई म्हणाली. "बाप्याच्या हातची वेनी घालून पोरगी गावातनं फिरती. पोरकी हाय हे दुरून वळखू येतं रं कानिफा."

हे त्याला लागलं. बाकी काही म्हटलं असतं तरी त्याने गिळलं असतं, पण ती वेणी त्याच्या वर्षभराच्या अभिमानाची होती. सकाळी जशी घालावी तशी संध्याकाळी दारात परत येते, एक केस इकडचा तिकडे नाही. हे तो रोज बघायचा आणि कुणाला न सांगता खूश व्हायचा. भीमा असताना कडूच्या वेण्या दुपारपर्यंत उसवलेल्या असायच्या, हेही त्याने बघितलं होतं. तो उठून उभा राहिला आणि सहादेवबाबा त्याला गप्प बस म्हणेपर्यंत बोलून बसला.

"तुमा बायांची वेनी दोन घटका टिकत न्हाई. माझ्या हातची सकाळची वेनी सांजंला तश्शीच घरी येती. आज येऊ द्या घरी, बघा. माझी वेनी हलली आसंल तर पोरगी न्या केडगावला. न्हाई हलली तर परत ह्यो इषय काढायचा न्हाई."

"शब्द?" गोजरबाईने विचारलं.

"शब्द," तो म्हणाला.

आक्काबाईला हे मुळीच आवडलं नाही. पोरगी म्हणजे काय शर्यतीचा बैल आहे, असं तिने रंगनाथाजवळ बोलून दाखवलं. पण बोलता बोलता तिने कडूची परकर-पोलकी घडी करून गाठोड्यात ठेवायलाही सुरुवात केली. संध्याकाळच्या गाडीने नगरला जायचं होतं, आणि आशा वाईट असते.

आता कडूचं सांगायला हवं, कारण घरात जे कुणाला ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं, आणि घरात जे ठरलं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

शाळेच्या वाटेवर एक मोडकी मोट असलेली जुनी विहीर होती. तिथे रोज विष्णुपंत मास्तरांची दमयंती कडूची वाट बघत थांबायची. कडू पोचली की आधी गोंडा सोडायची, तो पिशवीत जायचा. मग दोघी मिळून ती चौपेडी उकलायच्या आणि दमयंती तिला साध्या तीन पेडांच्या दोन वेण्या घालून द्यायची. आज तर मावशीने आणलेल्या लाल रिबनी होत्या. जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष झालं तरी काष्टीत रिबन मिळत नव्हती. कडू दिवसभर त्या रिबनी मिरवत शाळेत बसली.

हे सुरू झालं ते पहिल्याच दिवसापासून. आई गेल्यावर ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा पोळा नुकताच झालेला, गावातल्या सगळ्या बैलांच्या गळ्यात तसलेच तांबडे-पिवळे गोंडे. वर्गात शिरताच पोरं हंबरली. मास्तरांनी छडी उगारली तरी मागच्या बाकावरून हंबरणं चालूच. दमयंतीने मधल्या सुट्टीत तिला विहिरीपाशी नेलं आणि वेण्या घालून दिल्या. त्या दिवशी कडू तशीच घरी गेली. बापाने, म्हणजे तिच्या दादाने, बघितलं आणि विचारलं, माझी सुटली व्हय गं? ती हो म्हणाली. तो काही बोलला नाही. पण जेवण झाल्यावर दोराचा तुकडा घेऊन बसला आणि ती चौपेडी घालून बघू लागला, उसवून परत घालू लागला. आपलं कुठे चुकतंय ते त्याला सापडत नव्हतं. कडू वाकळेतून बघत होती. आईच्या मागे दादा पहिल्यांदाच एवढा खाली मान घालून बसला होता, आणि ते तिला बघवलं नाही.

मग तिने ठरवलं. दोराचा एक तुकडा तिने बाजेच्या खुराला बांधला आणि दादा रानात गेला की त्यावर चौपेडी घालायला शिकली. आठ दिवस लागले. तेव्हापासून शाळा सुटल्यावर ती विहिरीवरच्या, मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याआड बसायची, वेण्या सोडायची, केस डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायची आणि दादाची वेणी स्वतःच घालायची. गोंडा, दोऱ्याचे तीन वेढे, सगळं तसंच. घरी कुणाला कधी कळलं नाही. दादाही वर्षभर बघत होता, पण तो बघायचा दारातून, लांबून, आणि समाधानाने आत वळायचा; रात्री निजताना वेणी सोडायची ती कडूच.

आज ती जरा जास्तच काळजीने घालत होती. मावशी न्यायला आली आहे, याचा वास तिला लागला होता. मावशी तिला आवडायची. मावशीच्या पदराला आईच्या पदराचा वास यायचा आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की उठूच नये वाटायचं. पण दादा एकटा जेवायला बसला तर अर्धी भाकर टाकून उठतो, हे तिने पाहिलं होतं. तिने शेवटचा वेढा घट्ट ओढला आणि घराकडे पळत सुटली.

ओट्यावर सगळी माणसं बसलेली बघून ती दचकली. गोजरबाईने तिला हाताला धरून पाठमोरी उभी केली. गोंडा जागच्या जागी होता. वेढे मोजले, तीन होते. वेणी चापून बसलेली दिसत होती, एक बट सुटलेली नाही. गोजरबाईने दोनदा हात फिरवला आणि हात खाली सोडला.

"तशीच हाय बाई," ती म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण ती तसली नव्हती.

आक्काबाईने पदर तोंडाला लावला. दाराशी ठेवलेलं गाठोडं तिने पायानेच मागे सारलं. रंगनाथ तिच्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघू लागला.

कानिफनाथ मोठ्या दिमाखात पुढे आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, बायांच्या वेण्यांबद्दल. त्याने कडूची वेणी तळहातावर घेतली, आणि ते बोलणं त्याच्या तोंडातच राहिलं. तो नेहमी उजव्या हातच्या पेडापासून सुरुवात करायचा. ही डावीकडून सुरू झाली होती. मानेपाशी किंचित सैल होती, जिथे स्वतःचा हात नीट पोचत नाही, आणि सगळी वळणं उलटी पडलेली. समोरून, खांद्यावर ओढून घातलेली वेणी. ज्याने जन्मभर दोर वळले त्याला हे सांगायला कुणी लागत नाही.

त्याने मान वर केली. सहादेवबाबा त्याच्याकडेच बघत होते. म्हाताऱ्यालाही दिसलं होतं. म्हाताऱ्याने नजर काढून घेतली आणि पुन्हा वाक सोलायला लागला. म्हणजे गप्प राहायचं असेल तर राहा, असंच ते होतं.

कानिफनाथ तसाच उभा राहिला. गप्प बसलं की झालं. गाडीची वेळ होईल, दोघी निघून जातील, शब्द आहे म्हणून पुन्हा हा विषय निघणार नाही, आणि पोर घरात राहील. उद्या सकाळी ती फणी घेऊन पुढ्यात बसेल. तिच्याशिवाय हे घर कसलं असेल याचा विचारही त्याला करवेना. पण हातात वेणी होती ती त्याची नव्हती, आणि खोट्या वेणीवर पोर जिंकून ठेवायची म्हणजे रोज सकाळी तिच्या पाठीमागे बसून ते खोटं बघायचं. गोजरबाई निघायची तयारी करू लागली होती.

"ताई, थांब," तो म्हणाला. "ही माझी वेनी न्हाई."

कुणाला काही समजेना. गोजरबाईने पुन्हा गोंडा बघितला. कानिफनाथाने तिला ते पेड दाखवले, उजवं-डावं समजावलं, तिला ते कळलं की नाही कोण जाणे. पण भाऊ हरल्याचं कळलं. कडूला मात्र सगळं कळलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

"कोनी सोडली गं?" कानिफनाथाने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मीच," कडू म्हणाली. "पोरं हसत्यात. बैलावानी हंबरत्यात."

"आन् परत कोनी घातली?"

"मीच."

"आजच?"

कडूने मान हलवली. नाही म्हणून. मग अगदी हळू म्हणाली, "रोज. तुमाला वाईट वाटलं आसतं म्हनून."

कानिफनाथ ओट्यावर बसला. वर्षभराचा त्याचा अभिमान गेला होता, पण तो गेल्याचं दुःख करायलाही त्याला सुचेना, कारण त्या जागी जे येऊन बसलं होतं ते फार मोठं होतं. तो डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानेच तोंड पुसू लागला. सहादेवबाबांनी सोललेला वाक बाजूला ठेवला.

गोजरबाई म्हणाली, शब्द तर शब्द, वेणी हलली, आता पोरीला तयार करा. म्हणाली खरी, पण जागची हलली नाही. सगळे आक्काबाईकडे बघू लागले. आता पोरगी तिची होती. तिने नुसता हात पुढे करायचा होता.

आक्काबाईने कडूला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड घातलं. खिडकीजवळचा आरसा तिच्या डोळ्यांपुढे आला असेल, अंगणात पेरू खात बसलेली पोर आली असेल. मग तिने कडूला सोडलं.

"गोजरबाई," ती म्हणाली, "पोरीची आबाळ हुतीय म्हनून मी न्यायला आल्ते. आबाळ कुठं हाय? ह्या पोरीनं वरीसभर बापाला सांभाळलाय. हिला मी नेली तर ह्या गड्याकडं कोन बघनार?"

"पन शब्द—"

"शब्द तुमाला दिलाय. मला न्हाई. तुमी बघा काय ते."

गोजरबाईने नाक ओढलं. तिने भावाकडे बघितलं, मुंडाशात तोंड खुपसून बसलेल्या त्या मिशीवाल्या गड्याकडे, आणि तो पाच वर्षांचा असताना आई गेल्यावर त्याचे केस आपणच विंचरायचो हे तिला आठवलं. शब्द मी घेतला होता, मीच सोडला, असं ती म्हणाली. लग्नाचं बोलणं मात्र सोडणार नाही, हेही तिथल्या तिथे बजावलं. मग दाराशी सारलेलं गाठोडं घेऊन तिने स्वतःच सोडलं आणि परकर पुन्हा दांडीवर टाकले. आक्काबाई तिला एकेक कपडा हातात देत होती. रंगनाथाने हळूच विचारलं, मग आपली गाडी? आक्काबाई म्हणाली, गाडी उद्या पण असते, मला आज पोरीजवळ राहायचं आहे.

ओट्यावर कानिफनाथ आणि कडू दोघंच राहिले. त्याने तिला विचारलं, तुला कसली वेणी आवडती? वर्षभरात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्याला सुचलं नव्हतं.

"दोन," कडू म्हणाली. "दोन बाजूंना दोन. तीन पेडांच्या."

"मला दोन येत न्हाईत."

"मला येत्यात. तुमी एका बाजूचे केस नुसते धरा."

ती त्याच्याकडे पाठ करून बसली. गोंडा सोडून वेणी उकलली, मधोमध भांग पाडला, अर्धे केस त्याच्या हातात दिले आणि उरलेल्यांचे पेड करू लागली. दोरीला धरावं तसे त्याने ते दोन्ही मुठींत आवळले. आतून गोजरबाई आणि आक्काबाईचं बोलणं ऐकू येत होतं. त्या आखूड लुगड्यावरूनच चाललं होतं, पण हसून.

"दादा," कडू म्हणाली, "वडू नका. दुखतंय."

कानिफनाथाने मुठी सैल केल्या.